पालवणकर बाळू : मैदानाच्या चाकरीपासून उपनायकपदापर्यंत

वाचकहो, कोणत्याही मोठ्या कामात पुढे उभा राहणारा एक असतो व त्याच्या मागे राबणारे पुष्कळ असतात. पुढच्याचे नाव होते. मागच्यांचे क्वचितच होते. शाळेत मुख्य शिक्षकाच्या हाताखाली दुय्यम शिक्षक असतो, दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर असतो, मंडळीत पाळकाच्या गैरहजेरीत सर्व कारभार पाहणारा उपदेशक असतो. या दुसऱ्या जागेवर आयुष्य घालवणे सोपे नाही. जागा योग्यतेमुळे दुसरी असेल तर माणूस ती आनंदाने पत्करतो. पण योग्यता पहिल्या जागेची असून केवळ जन्मामुळे दुसरी जागा वाट्यास आली, तर ती फार टोचते. अशा जागेवर तीस वर्षे काढूनही ज्याचे काम कोणास झाकता आले नाही, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचे चरित्र आज सांगावयाचे आहे. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

नवीन जालन्याच्या मोकळ्या जागांवर आणि आसपासच्या खेड्यांत आज मुले चेंडूफळी, म्हणजे क्रिकेट, खेळताना दिसतात. हा खेळ आता सर्वांचा झाला आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी तो साहेबांचा, पारशांचा व शहरांतील वरच्या वर्गाचा होता. त्या खेळात एका चर्मकाराच्या मुलाने मैदान झाडण्यापासून आरंभ केला आणि तो हिंदुस्थानच्या पहिल्या मोठ्या संघाचा मुख्य गोलंदाज झाला, हे आपल्या तरुणांस ठाऊक असावे.

बालपण

बाळू यांचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकारांची. त्या काळी या जातीस गावच्या विहिरीवर, देवळात व पंक्तीत जागा नव्हती, हे आपल्या वाचकांस विस्ताराने सांगण्याची गरज नाही. मात्र इंग्रजी सैन्याच्या छावण्यांमध्ये या लोकांना काम मिळे. खडकी, अहमदनगर, कामठी, तसेच निजामाच्या मुलखातील जालना अशा ठिकाणी पलटणींचा तळ पडला की त्याच्याभोवती मोची, मोतद्दार, खानसामे व मजूर यांची वस्ती वाढे. बाळू यांचे वडील असेच पुण्यास सैन्याच्या चाकरीत होते. छावणीतील अंमलदार खेळून टाकून देत ते जुने चेंडू व फळ्या या घरातील मुलांच्या हाती आल्या. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल या चौघा भावांचे क्रीडाशिक्षण अशा टाकाऊ साहित्यावर सुरू झाले. पुढे चौघेही नामांकित खेळाडू झाले.

घरची गरिबी असल्यामुळे बाळू यांची शाळा लवकर सुटली व त्यांना कामास लागावे लागले. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात त्यांना मैदानाच्या देखरेखीची नोकरी मिळाली. पगार महिना तीन रुपये. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, पाणी मारावे, आणि सभासदांना सरावासाठी कोणी हवा असेल तर थोडे चेंडू टाकावेत, असे कामाचे स्वरूप होते.

जाळीतील चाकरी

1892 च्या सुमारास बाळू युरोपियन लोकांच्या पुणे येथील क्लबात गेले. तेथे पगार एक रुपयाने वाढून चार रुपये झाला. कामही वाढले. रूळ फिरवण्याबरोबरच सरावाच्या जाळ्या उभ्या करणे व टेनिसच्या पटांगणावर रेषा आखणे हे त्यांच्याकडे आले. तेथील ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. थोड्याच दिवसांत सर्वांच्या ध्यानात आले की, हा डावखुरा पोऱ्या साधा चेंडू फेकणारा नव्हे.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी येथे थोडे सांगणे इष्ट आहे. गोलंदाज दोन तऱ्हांचे असतात. एक धावत येऊन वेगाने चेंडू टाकणारे. दुसरे मंद गतीने टाकून बोटांच्या पिळाने चेंडू वळवणारे. बाळू दुसऱ्या तऱ्हेचे होते. अशा गोलंदाजाचे बळ दंडात थोडे व डोक्यात जास्त असते. समोरचा खेळाडू कोणता पाय पुढे टाकतो, कशाला भुलतो, कोठे उतावीळ होतो, हे त्यास हेरावे लागते. चेंडू कधी थोडा आखूड, कधी थोडा पुढे, कधी संथ व कधी किंचित वेगाने टाकावा लागतो. आणि हे सर्व करताना हाताची चाल मात्र तीच ठेवावी लागते. जमीन ओली आहे की कोरडी, कोठे भेग पडली आहे, कोठे गवत आहे, हेही पाहावे लागते. बाळू रोज सकाळी ज्या भूमीवर रूळ फिरवत तिचा स्वभाव त्यांना कोणत्याही साहेबापेक्षा अधिक ठाऊक होता. हलके समजले गेलेले काम असे त्यांची पाठशाळा झाले.

त्या क्लबातील सर्वांत निपुण फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे होते. शरीराने ठेंगणे, पण पायांची चपळाई विलक्षण. त्यांनी बाळू यांचे गुण ओळखले. इतर सभासद येण्यापूर्वी एक तास ते मैदानावर येत व बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळू ज्या ज्या वेळी आपणास बाद करतील त्या त्या वेळी आठ आणे द्यावयाचे, असे ग्रेग साहेबांनी ठरवले होते, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असेल तर आठ वेळा साहेबांना बाद करताच महिन्याचा पगार वसूल होत असे. ग्रेग पुढे हिंदुस्थानातील युरोपियनांचे अग्रगण्य फलंदाज झाले आणि सैन्यातून निवृत्त झाल्यावर रोमन कॅथोलिक पंथाचे धर्मगुरू झाले. त्यांच्या फलंदाजीस धार आली ती पुण्याच्या जाळीत, एका चार रुपयांच्या चाकराच्या हातून. एकाने दुसऱ्यास शिकवले आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकला. तथापि एकास शिष्य व दुसऱ्यास गुरू असे म्हणण्याची त्या काळी रीत नव्हती. एक साहेब होता व दुसरा नोकर.

या चाकरीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळू यांनी शेकडो तास साहेबांना चेंडू टाकले, पण त्यांच्या हाती फळी कोणी दिली नाही. फलंदाजी हे थोरामोठ्यांचे काम, गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम, असा समज तेव्हा रूढ होता. इंग्लंडातही हौशी खेळाडू व पगारी खेळाडू असे दोन वर्ग असून त्यांची मैदानावर उतरण्याची दारेदेखील पुष्कळ ठिकाणी वेगळी असत. तो भेद 1962 साली रीतसर नाहीसा झाला. तेथे भेद पैशाचा व कुळाचा होता. आपल्याकडे त्यावर जातीचा आणखी एक थर होता.

मैदानात बरोबर, पंक्तीत बाहेर

पुण्यातील हिंदू खेळाडूंचा क्लब युरोपियनांस आव्हान देण्याची तयारी करीत होता. बाळू यांची कीर्ती त्यांच्या कानी आली. त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर वाद माजला. काही ब्राह्मण सभासद विरुद्ध होते. तेलुगू सभासद अनुकूल होते. ग्रेग साहेबांना बाद करू शकेल असा दुसरा कोणी हाताशी नव्हता. शेवटी विजयाची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा बलवत्तर ठरली व बाळू हिंदू संघात आले.

आले खरे, पण कसे? खेळताना त्यांनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. चेंडूस विटाळ नव्हता. खेळ थांबून चहाची वेळ झाली की इतरांना मांडवात कपबशीतून चहा मिळे, आणि ज्याने बळी घेतले त्यास बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. हात धुवावयाचे झाल्यास खालच्या समाजातील एखादा नोकर कोपऱ्यात पाणी घाली. जेवणाचे पानही वेगळे. ज्याच्या हाताने जय मिळवावयाचा त्याच्याच हातचे पाणी चालावयाचे नाही, ही विसंगती त्या वेळच्या सुशिक्षितांनाही एकदम खटकली नाही. माणसाची सवय बुद्धीपेक्षा जुनी असते.

नंतर एक प्रसंग घडला. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी पुणेकर हिंदूंचा सामना ठरला. बाळू यांच्या फिरकीचा धाक एवढा की, सातारकरांनी आपल्या माणसास खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती घट्ट व गुळगुळीत करण्यास सांगितले. कारण तशा जमिनीवर चेंडू वळत नाही. परंतु रुळाचे शास्त्र ज्यास लहानपणापासून अवगत होते त्यास रुळाने हरवणे शक्य झाले नाही. बाळू यांनी सात बळी घेतले व पुणेकर जिंकले. विजयी संघ परत आल्यावर पुण्यात समारंभ झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांना हार घातला. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का असावी, असे त्यांनी हिंदू खेळाडूंना बजावल्याचे सांगतात. पुढे बाळ गंगाधर टिळक यांनीही एका सभेत त्यांचा गौरव केला. सुधारणेविषयी ज्या दोन पुढाऱ्यांचे मत क्वचितच जुळे त्या दोघांनाही या चर्मकार तरुणाचा सन्मान करावासा वाटला.

मुंबईतील वर्षे

1896 पासून मुंबई इलाख्यात प्लेगचा कहर सुरू झाला. त्याच सुमारास बाळू पुणे सोडून मुंबईस आले. काही काळ सैन्यात व नंतर रेल्वेत त्यांनी नोकरी केली आणि त्या त्या संघांसाठी खेळले. मुंबईतील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही गुजराती सभासदांची हरकत होती. नायक कीर्तिकर यांनी आग्रह धरला व हरकत मोडून काढली. पुढे धाकटे बंधू शिवरामही संघात आले.

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात 242 व दुसऱ्या डावात 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 व 102 धावांत आटोपले. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळू यांनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले, याचा सर्वत्र आनंद झाला. पण विचारी लोकांना दुसरेच महत्त्व दिसले. हा जय ब्राह्मण, प्रभू, गुजराती, तेलुगू व चर्मकार यांनी एकत्र मिळून मिळवला होता. मुंबईतील एका सुधारक पत्राने तर जातिभेदाच्या बंधनातून सुटण्याच्या वाटेवरील हा टप्पा होय, असा अभिप्राय दिला. मातीच्या भांड्यापासून आरंभ झालेला मुंबईचा प्रवास आता एका पंक्तीपर्यंत येऊन पोहोचला होता. जिमखान्यात बाळू इतरांबरोबर बसून जेवू लागले होते.

इंग्लंडची सफर

1911 साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान व शीख खेळाडू होते. नायक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्याच वर्षी बादशहा पाचवे जॉर्ज यांचा राज्यारोहण समारंभ असल्यामुळे महाराजांचे चित्त मेजवान्यांकडे अधिक व मैदानाकडे कमी राहिले. संघाची स्थिती केविलवाणी झाली. एकंदर 23 सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले व दोन अनिर्णित राहिले.

या पराभवाच्या राशीत एक नाव मात्र चमकत राहिले. बाळू यांनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. त्यांपैकी 75 पहिल्या दर्जाच्या सामन्यांत होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एका डावात त्यांनी 103 धावांत आठ बळी घेतले. लिस्टरशायर या काऊंटीविरुद्ध 11 बळी घेऊन त्यांनी संघास जय मिळवून दिला. त्या वेळी त्यांचे वय सुमारे पस्तीस वर्षांचे होते व खांदा दुखत होता. पर्यायी गोलंदाज नसल्यामुळे दिवसचे दिवस त्यांनाच ओझे वाहावे लागले. परक्या देशात, थंड हवेत, परक्या भूमीवर त्यांनी हे केले. पुण्याच्या जाळीत ग्रेग साहेबांपुढे घालवलेल्या पहाटा येथे कामास आल्या.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभात भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याचा पुढाकार होता, असे सांगतात. दलित समाजास त्या काळी अभिमानाने बोट दाखवावे असे नाव फारसे नव्हते. ते या गोलंदाजाने दिले.

नायकपदाचा प्रश्न

येथून या चरित्राचा कठीण भाग सुरू होतो. मुंबईच्या वार्षिक सामन्यांत हिंदू संघाचा नायक कोण, हे निवड समिती ठरवी. अनुभवाने, ज्ञानाने व पराक्रमाने बाळू यांचा हक्क पहिला होता. गोलंदाज कोठे उभा राहावा, कोणास कोणापुढे आणावे, पट्टी कशी वागेल, हे संघात त्यांच्याइतके कोणास कळत नव्हते. तरी 1910 पासून पुढे दरसाल हा प्रश्न निघे व दरसाल दुसऱ्याचे नाव जाहीर होई. कारण उघड होते, पण ते उघड बोलले जात नसे. नायक एम. डी. पै हे सरळ मनाचे गृहस्थ होते. आपल्या सत्काराच्या एका समारंभात त्यांनी स्वतः सांगितले की, हा मान आपणापेक्षा वडील व अधिक अनुभवी अशा बाळू यांना मिळावयास हवा होता. ज्यास मान मिळाला त्यानेच असे म्हणावे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

या ठिकाणी दूरच्या एका देशाचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे तो आपल्याकडील फुटबॉलहून निराळा असून त्यात अंडाकृती चेंडू हाती घेऊन पळतात. तेथे प्रत्येक धंदेवाईक संघास एक मुख्य शिक्षक व त्याच्या हाताखाली अनेक साहाय्यक शिक्षक असतात. एक चेंडू अडवणाऱ्यांना शिकवतो, दुसरा पळणाऱ्यांना, तिसरा संरक्षणाची आखणी करतो. आपल्या गुणांनी साहाय्यक एकेक पायरी चढतो व शेवटी मुख्य होतो. व्हिन्स लोम्बार्डी नावाचे तेथील सुप्रसिद्ध शिक्षक प्रथम एका शाळेत, मग विद्यापीठात व सैनिकी विद्यालयात आणि 1954 पासून न्यूयॉर्कच्या संघात साहाय्यक होते. 1959 साली ते ग्रीन बे येथील संघाचे मुख्य झाले. ही सरळ शिडी होय. पण काळ्या वर्णाच्या माणसांसाठी तिच्या वरच्या पायऱ्या कापलेल्या होत्या. फ्रिट्झ पोलार्ड या काळ्या खेळाडूने 1921 साली ॲक्रन येथील संघाचे शिक्षकपद सांभाळले. त्यानंतर अनेक वर्षे साहाय्यकाची जागादेखील मिळेना. ती 1957 साली पिट्सबर्ग येथे लोवेल पेरी यांना मिळाली. मुख्य शिक्षकाची जागा दुसऱ्या काळ्या माणसाला, आर्ट शेल यांना, मिळण्यास 1989 साल उजाडले. पोलार्ड यांच्यापासून शेल यांच्यापर्यंत अडुसष्ट वर्षे गेली. काम करण्यास हात चालतो, पण हुकूम देण्यास तोंड चालत नाही, हा अन्याय एका देशाचा वा एका धर्माचा नव्हे. अमेरिकेत त्यास वर्ण म्हणतात, आपल्याकडे जात.

1920 साल

1920 च्या सामन्यांसाठी संघ निवडताना बाळू यांचे नाव प्रथम वगळण्यात आले. वय चव्वेचाळीसच्या घरात गेले होते, तेव्हा त्यास सबब होती. पण नायक पै आजारी पडल्यावर पहिल्या सामन्याचे नायकपद पुण्याचे डी. बी. देवधर यांना देण्यात आले आणि संघात अधिक वर्षे खेळलेले शिवराम व विठ्ठल यांना डावलण्यात आले. देवधर खेळाडू म्हणून थोर होते, यात शंका नाही. पण ज्येष्ठतेचा नियम या भावांच्या बाबतीत दरवेळी का मोडतो, हा प्रश्न होता. शिवराम व विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले व आपली कारणे वर्तमानपत्रांतून जाहीरपणे मांडली. आजवर जी गोष्ट कुजबुजीत होती ती चव्हाट्यावर आली.

वाचकहो, हे करणे किती कठीण होते याचा विचार करा. खेळणे हेच ज्यांचे नाव व हीच ज्यांची प्रतिष्ठा, त्यांनी ती पणास लावली. त्यांनी शिवीगाळ केली नाही, कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. आम्हांस दया नको, न्याय हवा. तो नसेल तर आमची सेवा गृहीत धरू नका, एवढेच त्यांनी कळवले. लोकमत त्यांच्या बाजूस वळले. पारशांविरुद्धच्या पुढील सामन्यासाठी पै बरे होऊन परतले. बाळू यांना संघात बोलावून उपनायक नेमण्यात आले व दोघे भाऊही परत आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळू यांच्या हाती राहिली. तीन रुपयांच्या पगारावर मैदान झाडणाऱ्याने मैदानावर हुकूम दिला. अवधी थोडा होता व पद दुय्यम होते; पण ज्या दारावर इतकी वर्षे धक्का दिला ते किलकिले झाले होते.

1923 साली ते पुरते उघडले. विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना अंतिम सामन्यात हरवले. थोरल्या भावाने पेरले, धाकट्याने कापले. विठ्ठल यांनी उत्तरायुष्यात आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून 1948 साली प्रसिद्ध केले. दोघा वडील भावांचे उदाहरण त्यांच्यापुढे नसते तर ते नायक झाले नसते, हे कोणासही दिसेल.

बाळू यांच्या साऱ्या खेळाचा जमाखर्च असा : पहिल्या दर्जाचे 33 सामने, 179 बळी, आणि प्रत्येक बळीमागे दिलेल्या धावांची सरासरी 15.21. हिंदुस्थानचा संघ पहिला कसोटी सामना 1932 साली लॉर्ड्स मैदानावर खेळला, तेव्हा बाळू यांचे खेळण्याचे दिवस सरून गेले होते. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही, आणि बऱ्याच काळपर्यंत लोकांस त्यांचा विसर पडण्याचे तेही एक कारण झाले.

सार्वजनिक आयुष्य

खेळ सुटल्यावर बाळू यांनी आपल्या समाजाच्या राजकारणात भाग घेतला. 1932 साली अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नसावेत, या प्रश्नावर गांधींनी येरवड्यास उपोषण आरंभले. त्या वेळी झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये बाळू होते. पुढे 1937 साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. एके काळी ज्या विद्यार्थ्याने त्यांचा सत्कार घडवून आणला तोच आता समाजाचा सर्वश्रेष्ठ पुढारी झाला होता. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पडले.

या दोघांत मतभेद खरा होता व तो झाकण्याचे कारण नाही. हिंदू समाजातच राहून, त्याच्या अंतःकरणात पालट घडवून न्याय मिळेल, असा बाळू यांचा विश्वास होता. त्यांच्या आयुष्याचा अनुभवही तसा होता : मातीच्या भांड्यापासून पंक्तीपर्यंत, पंक्तीपासून उपनायकपदापर्यंत. आंबेडकर यांचे म्हणणे असे की, एका विलक्षण गुणी माणसाला तीस वर्षांत जे मिळाले ते लक्षावधी सामान्य माणसांना कधी मिळावे? ज्यास डावा हात देवाने असा दिला नाही त्याने काय करावे? मतदारांनी आपला कौल आंबेडकर यांना दिला. परंतु पराभूत उमेदवाराचा आयुष्यभराचा खेळच आंबेडकर यांच्या बाजूचा एक पुरावा होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण सर्वांत गुणी माणसासही नायकपद मिळाले नव्हते.

4 जुलै 1955 रोजी मुंबई येथे बाळू मरण पावले. त्यापूर्वी पाच वर्षे भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले होते आणि त्याच 1955 साली ती पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. ज्या भांड्यातून त्यांना पुण्यास चहा दिला गेला ते देणे कायद्याने गुन्हा ठरलेले पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले.

या चरित्रापासून घ्यावयाचे ते काय? पहिली गोष्ट अशी की, कोणतेही काम हलके नाही. रूळ फिरवता फिरवता बाळू यांना जमिनीचे ज्ञान झाले व दुसऱ्यांना सराव देता देता त्यांचा स्वतःचा हात तयार झाला. आपल्यापैकी जे दुसऱ्याच्या हाताखाली काम करतात, रात्रीच्या शाळेत कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवून घेतात, किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करतात, त्यांनी आपले काम दुय्यम म्हणून कमी प्रतीचे करू नये. दुसरी गोष्ट अशी की, नम्रता व गप्प बसणे या दोन भिन्न वस्तू आहेत. बाळू तीस वर्षे नम्र राहिले. परंतु वेळ आली तेव्हा त्यांच्या भावांनी अन्यायास अन्याय म्हटले आणि त्यामुळेच पुढील पिढीची वाट मोकळी झाली.

तिसरी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येते. चेंडू एकत्र झेलावयाचा व भांडे वेगळे ठेवावयाचे, ही रीत केवळ त्या जुन्या क्लबाची नव्हती. ज्या ज्या ठिकाणी माणसे एका कामासाठी जमतात, मग ते मैदान असो, शाळा असो, सहकारी सोसायटी असो की उपासनेची जागा असो, तेथे कोण कोठे बसतो, कोणाच्या घरचे पाणी कोण पितो, आणि मुलामुलींचे विवाह जुळवताना पूर्वीची जात कोण विचारतो, हे पाहावे. उत्तर देण्यापूर्वी पुण्याच्या मांडवाबाहेर मातीचे भांडे हाती घेऊन उभा असलेला तो डावखुरा गोलंदाज डोळ्यांपुढे आणावा. त्याने त्या दिवशीही आपल्या संघासाठी बळी घेतले होते.